जुनी बीएमएक्स सायकल उघडताना उलट्या आट्यांचे भान ठेवा

१९७० आणि १९८० च्या दशकांतील २० इंची चाकांच्या अनेक बीएमएक्स सायकलींमध्ये दोन्ही पेडलांचे दांडे आणि मधला आस मिळून क्रँक हा पोलादाचा एकच अखंड तुकडा असतो, आणि घरी दुरुस्ती करणाऱ्यांची सर्वाधिक फसगत तिथेच होते. डावे पेडल, तसेच डाव्या बाजूचा लॉकनट (घट्ट पकडून ठेवणारा बाहेरचा नट) आणि त्यामागील कोन (बेअरिंग दाबून धरणारा शंकूसारखा नट), या तिन्हींचे आटे उलटे असल्यामुळे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवूनच सैल होतात. सवयीने उलट जोर लावला, तर ते अधिकच आवळले जातात. गंज धरला असल्यास आदल्या रात्री भेदक तेल (गंजात मुरणारे पातळ तेल) सोडावे. डावे पेडल, लॉकनट आणि कोन काढून साखळी उतरवली की क्रँक किंचित तिरपा करत साखळीच्या बाजूने बाहेर काढता येतो. उजव्या पेडलाला हात लावण्याची गरज सहसा पडत नाही. बेअरिंगच्या छर्ऱ्यांची कडी कोणत्या तोंडाने बसली होती, याचे छायाचित्र आधीच घ्यावे, म्हणजे धुऊन झाल्यावर ती उलटी बसणार नाही. नवीन पेडले घेताना अशा क्रँकला १/२ इंची आटे लागतात, ९/१६ इंची नव्हे.

क्रोमवरील गंजासाठी अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासावा. अॅल्युमिनियम क्रोमहून मऊ असल्याने ओरखडे उमटत नाहीत. सँडपेपर मात्र मुलामाच खरवडतो. मूळ स्टिकर फाटके असले तरी, माझ्या मते, तसेच राहू द्यावेत.