केस ‘मिटली’ असेल तर नर्सिंगच्या नोकरीचा फॉर्म कसा भरायचा?

खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यातली मुलंमुली जीएनएम (नर्सिंग-मिडवाइफरीचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग करून रुजू व्हायला येतात, तेव्हा त्यांचे जॉइनिंगचे कागद मी तपासते. बाकी फॉर्म झरझर भरला जातो, पेन अडतं ते एकाच रकान्यावर: आजवर गुन्हा दाखल झाला आहे का, शिक्षा झाली आहे का? सीमाभागात हा प्रश्न बऱ्याच घरांत येतो. १ नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी, मराठी-कन्नड फलकावरून झालेला वाद, नाहीतर गणपतीत पत्ते खेळताना पडलेली धाड. घरचे सांगतात, “केस कधीच मिटली, ‘नाही’ लिही.” तेवढ्यावर लिहू नका. आधी कोर्टातून निकालाची सर्टिफाइड कॉपी काढा.

अशीच एका मुलाची कॉपी आम्ही बसून वाचली. सगळी कन्नडमध्ये, त्याचं शिक्षण मराठी शाळेत, त्यामुळे त्याने ती कधी उघडलीच नव्हती. शेवटच्या पानावर होतं: आरोपीने गुन्हा कबूल केला, दंड, न भरल्यास साधी कैद. दंड भरला म्हणजे विषय संपला, असं घरात धरून चालले होते. कायद्याने ती दोषसिद्धीच.

सरकारने खटला मागे घेतला असेल तर गोष्ट वेगळी. आरोप निश्चित होण्याआधी घेतला तर आरोपमुक्त, नंतर घेतला तर निर्दोष. लोकअदालतीत रीतसर तडजोड झाली तरी निर्दोषच. पण फॉर्ममध्ये ‘गुन्हा दाखल झाला होता का’ असं विचारलं असेल, तर निर्दोष सुटलेल्यानेही ‘होय’ लिहायचं आणि निकाल जोडायचा.

१९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं असेल, तर कलम १२ मुळे शिक्षेपायी येणारी अपात्रता लागत नाही. दोषी ठरल्याची नोंद मात्र राहते. प्रौढाची शिक्षा काही वर्षांनी आपोआप पुसून टाकणारा कायदा आपल्याकडे नाही.

अठरा वर्षांच्या आतल्या प्रकरणात मात्र कायदा खरोखर पाठीशी उभा राहतो, आणि नेमकं हेच मुलांना कुणी सांगत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ म्हणतं की शिक्षेमुळे येणारी कोणतीही अपात्रता अशा मुलाला लागणार नाही, आणि अपिलाची मुदत संपली की नोंदी नष्ट करायच्या. कलम ७४ प्रमाणे निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा द्यायची नाही. अपवाद एकच: सोळा पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्यात (म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या) बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे खटला चालवून दोषी ठरवलं असेल तर. सतराव्या वर्षी बसवर दगड मारल्याच्या प्रकरणात अडकलेली मुलं शिकून, परीक्षा देऊन माझ्यासमोर मान खाली घालून बसतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. तो निकाल वकिलाला दाखवा आणि रकान्यात काय लिहायचं ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

पोलीस व्हेरिफिकेशनचा अर्ज कर्नाटकात सेवा सिंधू पोर्टलवरून करता येतो. नोकरीचा फॉर्म भरण्याआधीच तो करावा, असं माझं मत. ई-कोर्ट्सच्या साइटवरही आपलं नाव शोधून बघा, कारण कामावर घेणारेही तिथे बघू शकतात.

विचारलेलं लपवू नका, हे मी आग्रहाने सांगते. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सुप्रीम कोर्टाने सरकारी नोकऱ्यांबाबत सांगितलं की माहिती खरीच द्यायला हवी; खरी दिली तरी उमेदवाराला घ्यायचं की नाही हे नियोक्ता ठरवू शकतो, आणि किरकोळ गुन्हा लपवला गेला असला तर तो माफही करू शकतो. खासगी हॉस्पिटलं आपल्या नियमांनी चालतात, पण जुन्या दंडापेक्षा खोटं उत्तर जड जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलांच्या वॉर्डात किंवा बालगृहात जाणाऱ्यांची तपासणी अधिक कडक असते. २०२० च्या पॉक्सो नियमांप्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी वेळोवेळी करायचीच आहे.

परदेशी जायचं मनात असेल तर तिथले प्रश्न वेगळे. ब्रिटनमध्ये इतर कामांसाठी जुनी झालेली शिक्षा सांगावी लागत नाही, पण ही सवलत देणाऱ्या १९७४ च्या कायद्याला रुग्णसेवेच्या कामासाठी अपवाद आहेत, म्हणजे तिथे ती सांगावी लागू शकते. अमेरिकेत काही राज्यांची नर्सिंग बोर्डं कोर्टाने पुसलेली शिक्षासुद्धा विचारतात. म्हणून निकालाच्या दोन-तीन सर्टिफाइड कॉप्या आणि त्यांचं नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर आत्ताच करून ठेवा.