पाहुण्याला ग्वाल्हेर दाखवण्याआधी गाणं ऐकवा

पुण्या-नागपूरचे नातेवाईक आले की त्यांना गाव दाखवायचं काम आमच्या घरात माझं. मी पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले, तेव्हा इमारतींतलं यालाच कळतं असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. पूर्वी मी एका दिवसात किल्ला, जयविलास महाल, मकबरे सगळं उरकायचो. संध्याकाळी महाराज बाड्यावर, म्हणजे आमच्या मुख्य चौकात, पाहुणा पाय चोळत म्हणायचा, "छान होतं हं सगळं." म्हणजे काहीच डोळ्यांत राहिलं नाही. आता आदल्या रात्री गाणं ऐकवतो आणि दुसऱ्या दिवशी एकच जागा नीट दाखवतो.

जेवणं झाली की ख्यालाचं अर्ध्या तासाचं ध्वनिमुद्रण लावा, ज्यात आलाप (रागाचे स्वर सावकाश उलगडणं), विलंबित म्हणजे संथ बंदिश, द्रुत म्हणजे जलद बंदिश आणि ताना (स्वरांच्या वेगवान लडी) सगळं असेल. "तुम्हाला कुठला राग आवडतो?" असलं विचारू नका, लोक शोभेल ते उत्तर देतात. पान लावता लावता बघत राहा, मान कुठे हलते ते. ठुमरीवाल्याला नक्षीकाम आवडणार असा सरळ हिशेब मी कितीतरी वर्षं केला, आणि तो सारखा फसला. माणूस कशाची वाट बघत बसलाय ते ओळखायचं.

समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, हात टाकणाऱ्याला आधी आराखडा हवा असतो. आमच्या ग्वाल्हेर गायकीत तसंच असतं: बंदिशीचे दोन भाग, स्थायी-अंतरा, आधी स्वच्छ मांडायचे, विस्तार मागून. अशा माणसाला किल्ल्यावरच्या मोठ्या सास-बहू मंदिरात न्या. मंदिर १०९३ सालचं. शिखर उरलेलं नाही, तरी तीन बाजूंच्या कुठल्याही दारातून शिरा, मधले चार दांडगे खांब आणि वरचं छत दिसलं की सगळा नकाशा डोक्यात बसतो. कोरीवकामाकडे लगेच बोट दाखवू नका. अंतऱ्याआधीच तान मारल्यासारखं होतं ते.

आलापाला डोळे मिटून घेणारा पाहुणा आला तर मला मनातून आनंद होतो. त्याच्यासाठी किल्ल्यावरचा मानमंदिर महाल. राजा मानसिंह तोमर १४८६ ते १५१६ गादीवर होता, ध्रुपदाचा मोठा आश्रयदाता. बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशा आहेत, पिवळी बदकं आहेत, केळी आहेत. ती येताना बघता येतील. आधी तळघरात उतरा. जमिनीखाली दोन मजले आहेत. जिना अरुंद, एका हाताने भिंत धरायची. खाली पोचल्यावर फोनचा दिवा लावायचा मोह होतो, तो आवरायचा. डोळे सरावायला वेळ लागतो: आधी एका खांबाची कड दिसते, मग दुसऱ्याची, मग दालन गोल आहे हे कळतं. खर्जातून एकेक स्वर उघडत यावा तसं. गाईड केला असेल तर त्याला वरच बजावा की कैदखान्याच्या कथा वर आल्यावर. इथे कैदेत असलेल्या मुराद बक्षाचं, औरंगजेबाच्या भावाचं, नाव निघालं की पाहुण्याचा आलाप तुटलाच.

तान सुटली की जो खुर्चीच्या कडेला येतो, त्याला हजिऱ्याला, म्हणजे सूफी संत मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्यात न्या. ऊन तिरपं झालं की जा. त्याला जाळीपासून वीतभर अंतरावर उभं करा. एक पट्टी बोटाने धरून जायला सांगा: ती दुसरीखाली शिरते, वळते, षटकोनाला वळसा घालून निघाल्या जागी येते. शेजारच्या जाळीत आखणीच वेगळी. माझ्या एका भाच्याने तिथे पाऊण तास काढला, आणि शेजारी तानसेनाची साधीशी कबर आहे हे त्याला मी सांगेपर्यंत कळलं नाही. (तिथल्या चिंचेचा पाला खाऊन गळा सुधारतो म्हणतात. माझा सुधारला नाही.)

शंभर व्हायोलिनं एकदम वाजली की ज्याला भरून येतं, त्याला जयविलास. १८७४ चा महाल. दरबार हॉलमधली दोन झुंबरं साडेतीन-साडेतीन टनांची. छत पेलेल का म्हणून आधी वर हत्ती चढवले होते ही गोष्ट झुंबराखाली उभं राहूनच सांगा.

हे सगळं घरच्यांना लावायला जाऊ नका. आमची ही तीस वर्षं आलापच ऐकते, तोही रात्री, दिवा मालवून. त्या हिशेबाने मी बैठकीची खोली रंगवताना भिंती कोऱ्या ठेवल्या, कोनाडे बुजवले. आठवड्यात तिने भिंतीवर पितळी मोर, चंदेरीची जुनी किनार आणि सासूबाईंचा फोटो टांगला. म्हटलं, अगं, तुला तर मोकळं आवडतं ना?

"कानांना," ती म्हणाली, आणि बुजवलेला एक कोनाडा परत उघडून मागितला.