वैमानिकासमोरचा पडदा कसा वाचायचा?

जुन्या कॉकपिटमध्ये वेग, उंची, दिशा यांच्या वेगवेगळ्या गोल तबकड्या असत. आता हे सगळं एकाच पडद्यावर येतं. त्याला पीएफडी, म्हणजे प्रायमरी फ्लाइट डिस्प्ले म्हणतात. सिम्युलेटरवर शिकताना पहिल्यांदा नजर कुठे न्यायची ते पक्कं करा.

सुरुवात मधून करा. निळं आकाश, तपकिरी जमीन, दोन्हींमधली रेघ हे क्षितिज. विमानाचं चिन्ह जागचं हलत नाही, क्षितिज हलतं. नाक वर गेलं की ही रेघ चिन्हाच्या खाली सरकते. नवशिके इथेच गोंधळतात, म्हणून हे अंगवळणी पडेपर्यंत पुढे जाऊ नका.

डावीकडची पट्टी वेगाची, नॉटमध्ये (1 नॉट म्हणजे ताशी 1.852 किमी). तिच्याशेजारचा बाण फार कामाचा. बहुतेक प्रवासी विमानांत तो 10 सेकंदांनंतरचा अंदाजे वेग दाखवतो.

उजवीकडे उंची, फुटांत. तिच्याखालचा, वैमानिकाने स्वतः लावायचा हवेच्या दाबाचा आकडा न तपासता उंचीवर विश्वास ठेवू नका. खरा दाब 1003 हेक्टोपास्कल असताना 1013 लावलेला राहिला, तर विमान दिसतं त्यापेक्षा सुमारे पावणेतीनशे फूट खाली असतं. उतरताना एवढी चूक जिवावर बेतू शकते.

खाली दिशा. सगळ्यात वर ऑटोपायलटचे मोड, म्हणजे विमान आपोआप उडवणारी यंत्रणा या क्षणी काय करतेय ते. हिरव्या अक्षरांतला मोड सध्या चालू आहे. तो मोठ्याने वाचायची सवय लावा.

आता पडद्यामागे बघू. वेग कळतो पिटो नळीत (विमानाबाहेरची, समोर तोंड असलेली नळी) शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून, उंची स्टॅटिक छिद्रांवरून (बाहेरच्या हवेचा दाब घेणारी छिद्रं) आणि क्षितिज जायरोंवरून (विमानाचा कल ओळखणारी उपकरणं). त्यामुळे पिटो बर्फाने तुंबली तर वेग चुकतो, क्षितिज मात्र बरोबर राहतं. 1 जून 2009 रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्स 447 च्या पिटो नळ्या बर्फाच्या कणांनी तुंबल्या, वेगाचे आकडे जुळेनात आणि ऑटोपायलट आपोआप बंद झाला. पुढे विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल कमी पडून ते खाली कोसळू लागलं, आणि 228 जण गेले.

पट्टी पुसली जाऊन लाल अक्षरं आली तर बिघाड निदान दिसतो. खरा धोका पटण्यासारख्या चुकीच्या आकड्याचा. म्हणून दोन्ही वैमानिकांचे पडदे आणि स्टँडबाय (राखीव) उपकरण, तिन्ही ताडून पाहा. वेग जुळत नसेल तर त्याच्यामागे धावू नका. क्षितिजावर नाकाचा ठरलेला कोन धरा, इंजिनाची ठरलेली शक्ती लावा आणि मगच चेकलिस्ट उघडा.