मतदार ओळखपत्र नव्हे, मतदार यादी तपासा: वगळलेले नाव परत मिळवण्यापासून केंद्रावरील हक्कांपर्यंत

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेच्या मतदानासाठी आमच्या शेजारच्या काकू ओळखपत्र घेऊन सकाळीच रांगेत उभ्या राहिल्या. पाऊण तासाने त्यांचा क्रमांक आला तेव्हा यादीतील त्यांच्या चौकटीवर 'डिलिटेड' असा तिरका ठसा छापलेला दिसला. इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे त्या दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या घरात राहत होत्या. मूळ पत्त्यावर कुलूप आढळल्याने त्यांची नोंद 'स्थलांतरित' अशी झाली होती. ओळखपत्र खरे होते आणि तीस वर्षांचे मतदान पाठीशी होते, तरीही केंद्रावरील कोणीही त्यांना मत देऊ देऊ शकत नव्हते, कारण मताचा हक्क यादीतील नोंदीवर बजावता येतो. ओळखपत्र फक्त ती नोंद आपलीच आहे एवढे सिद्ध करते. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीतही मुंबई-पुण्यात असंख्य मतदार असेच परत गेले होते आणि मुंबईतील गहाळ नावांबद्दल तेव्हाचे निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली होती. दिलगिरीने गेलेले मत परत येत नाही, म्हणून तपासणी निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच करावी.

भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर किंवा आयोगाच्या अ‍ॅपवर ओळखपत्राचा क्रमांक टाकून आपली नोंद शोधता येते, आणि १९५० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही विचारता येते. मात्र तेवढ्यावर थांबू नये. आपल्या यादी भागाची पीडीएफ उतरवून घ्यावी आणि घरातील प्रत्येकाचा अनुक्रमांक, वय, पत्ता व नावाचे शुद्धलेखन डोळ्यांनी पाहावे. यादीच्या शेवटी पुरवणी असते आणि तिच्यात वगळलेल्या नावांपुढे कारणाचे एक इंग्रजी अक्षर छापलेले असते: 'ई' म्हणजे मृत, 'एस' म्हणजे स्थलांतरित, 'आर' म्हणजे दुबार, 'एम' म्हणजे आढळून न आलेला, तर 'क्यू' म्हणजे अपात्र. नाव नाहीसे झाले असेल तर हे अक्षर आधी शोधावे, कारण पुढचा युक्तिवाद त्यावरच उभा राहतो. हयात माणसापुढे 'ई' असल्यास ती व्यक्ती स्वतः कार्यालयात उभी राहणे हाच सर्वांत सबळ पुरावा ठरतो.

नाव वगळणे ही कोणाच्या मर्जीची बाब नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार, मतदार तेथे राहत नाही किंवा पात्र नाही या कारणास्तव नाव काढण्यापूर्वी मतदार नोंदणी अधिकाऱ्याने त्याला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. कारण कळण्याचा आग्रहही रास्तच आहे. बिहारमधील विशेष सखोल पुनरीक्षणात, म्हणजे मतदार यादीच्या नव्याने केलेल्या तपासणीत, प्रारूप यादीत न आलेली सुमारे ६५ लाख नावे कारणांसह प्रसिद्ध करण्याचा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी दिला होता. तेव्हा 'मला नोटीस कोणत्या तारखेस व कोणत्या पत्त्यावर पाठवली' हा प्रश्न लेखी विचारावा. खिडकीवर तोंडी विचारल्यास 'पुन्हा अर्ज करा' एवढेच उत्तर मिळते, असा माझा अनुभव आहे.

अर्ज मात्र नेमका भरावा लागतो. नवीन नोंदणीसाठी आणि वगळलेले नाव पुन्हा घालण्यासाठी नमुना ६ असतो. घर बदलले असेल, नोंदीत दुरुस्ती हवी असेल किंवा ओळखपत्र हरवले असेल तर नमुना ८ भरावा. काकूंनी घर सोडतानाच तो भरला असता तर पुढचे काहीच घडले नसते. नमुना ७ हा नावावर आक्षेप घेण्याचा किंवा ते वगळण्याचा अर्ज आहे आणि त्यात जाणूनबुजून खोटे प्रतिज्ञापन करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. तरुणांना आता १ जानेवारीची वाट पाहावी लागत नाही, कारण २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा, म्हणजे वयाची १८ वर्षे पूर्ण झाली का हे ठरवणाऱ्या तारखा, आहेत.

अर्ज ऑनलाइन केला तर संदर्भ क्रमांक जपावा आणि बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) कागदी अर्ज दिला तर पोच घेतल्याशिवाय दारातून हलू नये. अर्ज फेटाळला गेल्यास निर्णयापासून १५ दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, पहिले अपील करता येते आणि तेथेही न्याय न मिळाल्यास ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे. उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची तारीख उलटली की निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत एकही नाव घालता वा काढता येत नाही.

मतदानाच्या दिवशी ओळखपत्र सापडत नसल्यास आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र, छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक अशांपैकी मान्य कागद चालतो. घरी आलेली मतदार माहिती चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. मतदानाची वेळ संपताना जे रांगेत असतात त्या सर्वांना मत देता येते. त्यांना रांगेच्या शेवटाकडून क्रमांकित चिठ्ठ्या दिल्या जातात, त्यामुळे कोणी 'वेळ संपली' म्हणाले तरी रांग सोडू नये.

आपल्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेल्याचे कळले, तर केंद्राध्यक्षांकडे 'प्रदत्त मत' (टेंडर मत) मागावे. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ४९ पी नुसार ओळख पटल्यावर नमुना १७ बी वर सही घेऊन कागदी मतपत्रिका देण्यात येते, आणि ती यंत्रात न जाता वेगळ्या लिफाफ्यात ठेवली जाते. ही मते नेहमीच्या मोजणीत धरली जात नाहीत, पण त्यांची नोंद राहते. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला तेव्हा अशाच मतांचा वाद निवडणूक याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. याचिका फेटाळली गेली, तरी मतांचे अंतर इतके कमी असताना त्या लिफाफ्याचे मोल किती असते ते दिसलेच. अशी याचिका निकालापासून ४५ दिवसांत करावी लागते.

येथे एका खोट्या संदेशाबद्दल बजावून सांगितले पाहिजे. 'यादीत नाव नसल्यास ४९ अ खाली चॅलेंज व्होट मागा' आणि 'केंद्रावर १४ टक्के टेंडर मते पडली तर फेरमतदान होते' असा मजकूर प्रत्येक निवडणुकीत फिरतो. या दोन्ही तरतुदी अस्तित्वात नाहीत. आक्षेपित मत (चॅलेंज व्होट) म्हणजे उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीने दोन रुपये भरून मतदाराच्या ओळखीवर घेतलेली हरकत, आणि प्रदत्त मत फक्त यादीत नाव असलेल्यालाच मिळते.

व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेल्या मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या, खिडकीत दुसऱ्याच उमेदवाराची चिठ्ठी दिसली तर नियम ४९ एमए नुसार लेखी प्रतिज्ञापन देऊन चाचणी मत मागता येते, परंतु तक्रार खोटी ठरल्यास शिक्षा होते, म्हणून डोळ्यांनी खात्री झालेली असेल तरच हा मार्ग धरावा.

महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय फोडतो, तीत नवे नाव घालत नाही. प्रारूप प्रभागयादीवर हरकत घेता येते ती चुकीच्या प्रभागात गेलेल्या किंवा फोडताना गळलेल्या नावांसाठी. काकूंचे नाव नमुना ६ भरल्यावर विधानसभेच्या यादीत आले खरे, पण प्रारूप प्रभागयादीत ते रस्त्याच्या पलीकडच्या प्रभागात सापडले. या वेळी मुदत हाती होती. वीजबिल आणि जुन्या यादीचे पान जोडून आम्ही हरकत नोंदवली, पोच घेतली, आणि अंतिम यादीत नाव जागेवर आल्यावर त्या पानाची छापील प्रत काकूंनी ओळखपत्राच्या पाकिटात घडी घालून ठेवली.