घोडीच्या खुराला वास येत होता तेव्हा

सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली घोडी. पावसाळ्यात आठ-आठ दिवस तबेल्यातच उभी. एका सकाळी मागचा पाय उचलला आणि नाकच दाबलं. तळव्यावरच्या मऊ त्रिकोणाशेजारच्या खाचेत काळा, चिकट राबडा. खुरचणी टेकवताच तिने पाय हिसकला.

शेजारचे आप्पा म्हणाले, "जळकं ऑइल ओत." ओतलं. वरून खूर चकचकीत, आत ओल तशीच! खूर सडवणारे जंतू हवा न लागणाऱ्या घाणीतच फोफावतात, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, नालबंदाकडून सडलेले लोंबते तुकडे काढून घेतले.

पुढे काम माझं. रोज खाच उकरायची, ब्रशने धुवायची, फडक्याने टिपून पूर्ण कोरडी करायची, मग पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाचा बोळा आत बसवायचा. टिपण्यात घाई केली की दुसऱ्या दिवशी वास हजर. अडीच आठवड्यांनी बोळा काळा निघेनासा झाला.

चूक मात्र फरशीची होती. उतारच नव्हता, मूत तिच्या पायाखालीच साचायचं. उतार काढून घेतला. आता ओला भुसा आणि लीद सकाळ-संध्याकाळ उचलतो, तिला रोज तासभर कोरड्या रस्त्यावर फिरवतो. आप्पांचं ऑइल ट्रॅक्टरच्या साखळीला वापरलं.