गाडी मिसिंग करतेय? कॉइल विकत घ्यायच्या आधी एवढं करून बघा

सिग्नलला उभं असताना गाडी थरथरते, पिकअप घेताना मधेच झटका मारते, सायलेन्सरचा आवाज फट फट असा तुटक येतो आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागलेला, म्हणजे एखादा सिलिंडर नीट फायर होत नाहीये. अशा वेळी बरेच जण सरळ चारही कॉइल (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगला जास्त व्होल्टेज देणारा पार्ट) नवीन घालून मोकळे होतात आणि चार दिवसांनी गाडी परत मिस मारते, मग डोकं धरून बसतात. आधी नक्की कोणता सिलिंडर आणि त्यातला कोणता पार्ट ते शोधा, त्याला फार सामान लागत नाही.

एक गोष्ट सगळ्यात आधी. दिवा नुसता लागलेला असेल तर गाडी हळूहळू घरी नेता येते, पण तो लुकलुकत असेल तर ताण देऊ नका, जमेल तिथे थांबवा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सर लाईनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, तो लालभडक तापून आतून वितळू शकतो, आणि तो पार्ट कॉइलच्या कितीतरी पट महाग असतो.

आता गाडीतले फॉल्ट कोड वाचणारा स्कॅनर लावा, ब्लूटूथवाला साधा ओबीडी चालतो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, असं पुढे. पी०३०० आला तर मिसिंग एकाच ठिकाणी नाही, तिथे हवा कुठून लीक होतेय का, फ्युएल प्रेशर बरोबर आहे का हे आधी बघावं लागतं. पी०३५१, पी०३५२ असे कोड कॉइलच्या सर्किटचे असतात, ते दिसले तर कॉइलबरोबर तिचा कनेक्टर आणि वायरपण तपासा. कधीकधी मिसिंगसोबत मिक्स्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असल्याचा कोडपण येतो, त्याने गोंधळू नका, सिलिंडरमध्ये जाळ झाला नाही की तिथला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय.

समजा कोड दुसऱ्या सिलिंडरचा आहे. इंजिन बंद करून गार होऊ द्या, दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड क्लिअर करा आणि गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली, विषय संपला. पी०३०२ च राहिला तर कॉइल बरी आहे, मग दुसऱ्याचा प्लग तसाच तिसऱ्यात घालून बघा. एका वेळी एकच वस्तू हलवायची, कॉइल आणि प्लग दोन्ही एकदम हलवले तर दोष कोणाचा ते कळणारच नाही. आणि चालू इंजिनवर कॉइल हाताने उपटून स्पार्क बघायचा प्रकार कृपा करून करू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात, शॉक तर बसतोच, कॉइलपण मरते.

टेस्ट घेताना नुसतं आयडलवर ठेवून भागत नाही. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबा किंवा चढ चढवा, कारण लोडवर सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं आणि जेवढं प्रेशर जास्त तेवढा स्पार्क पडायला व्होल्टेज जास्त लागतं, कमजोर कॉइल तिथेच उघडी पडते. गॅसवर चालणारी गाडी याच कारणाने पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर मिसिंग अशी वागते.

प्लग काढलात की नीट निरखून बघा, तो सगळं सांगतो. फिका तपकिरी किंवा राखाडी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा स्पार्क कमजोर आहे, ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर तिथे जाळ होतच नाहीये. टोकाला ऑइल असेल तर इंजिन आतून ऑइल खातंय, पण प्लगच्या खड्ड्यातच ऑइल साचलेलं असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय, आणि ते न बदलता नवीन कॉइल घातली तर तिचं रबर परत फुगून खराब होणार. पांढऱ्या सिरॅमिकवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर स्पार्क बाहेरूनच पळतोय, प्लग बदला आणि कॉइलच्या रबराच्या आतही तशीच रेघ आहे का बघा.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते गॅपचं, म्हणजे प्लगच्या टोकाशी जिथे स्पार्क उडी मारतो त्या फटीचं. प्लग झिजला की गॅप वाढतो, गॅप वाढला की कॉइलला प्रत्येक स्पार्कला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, ती तापत राहते आणि शेवटी आतलं इन्सुलेशन जळतं. म्हणजे बऱ्याचदा कॉइल मेलेली असते पण तिला मारलेलं असतं जुन्या प्लगने, म्हणून प्लगचं आयुष्य संपलेलं असेल तर कॉइलसोबत पूर्ण सेट बदला. बहुतेक गाड्यांत गॅप ०.७ ते १.१ मिमीच्या मधे असतो, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजा. इरिडियम प्लगचं टोक फार नाजूक असतं, त्याला ठोकून गॅप करू नका.

बसवायच्या आधी खड्ड्यातला कचरा हवेने उडवा नाहीतर तो सिलिंडरमध्ये पडतो. प्लग आधी हाताने फिरवून आटे नीट धरू द्या, तिरका गेला तर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात आणि काम फार वाढतं. शेवटचा ताण मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्याने द्या.

कॉइल, प्लग दोन्ही हलवूनही कोड त्याच सिलिंडरवर अडून बसला असेल तर इग्निशनचा नाद सोडा, त्या सिलिंडरचा इंजेक्टर आणि वायरिंग बघा, नंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजा. एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा बरंच कमी आलं तर व्हॉल्व्ह किंवा रिंगचं काम आहे, तिथे कितीही नवीन कॉइल घातल्या तरी गाडी मिसिंगच करणार.