जुन्या जाहिरातपटांच्या फ्रेम मोजताना

स्टॉप-मोशन, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवून दर वेळी एकेक चित्र (फ्रेम) टिपत तिला पडद्यावर चालवण्याची कला, शिकू पाहणारी मुले मला बहुधा कोणता कॅमेरा घ्यावा असे विचारतात. मी त्यांना आधी १९३०च्या दशकातले युरोपीय जाहिरातपट, तेही एकेक फ्रेम पुढे सरकवत, पाहायला सांगते, कारण माझे खरे शिक्षण तिथेच झाले.

अ‍ॅनिमेशनपट करणारे ऑस्कर फिशिंगर यांनी १९३४ साली जर्मनीत मुराटी सिगारेटसाठी रंगीत जाहिरातपट केला. त्यात सिगारेटींची पलटण संगीताच्या ठेक्यावर संचलन करते. दुसऱ्यांदा पाहताना मी वही घेऊन बसले आणि प्रत्येक ठेका किती फ्रेमनंतर पडतो हे लिहीत गेले. सिगारेटीला ना चेहरा ना हात. तरीही ती ऐटीत चालते, याचे सारे श्रेय दोन फ्रेममधल्या अंतराला जाते. जाहिरातीत विकायचा मालच नट असतो, त्यामुळे हे अंतर हाताला कळेपर्यंत बाहुलीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

त्या काळी रंग स्टॉप-मोशनमध्ये इतक्या लवकर आला, यामागचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. बेला गास्पार यांच्या गास्परकलर या रंगीत चित्रपटाच्या पद्धतीत एकाच दृश्याची तीन रंगांच्या गाळण्यांतून (फिल्टरमधून) एकामागून एक तीन चित्रे घेता येत. माणूस मध्येच हलला की रंगांच्या कडा जुळत नाहीत. टेबलावरची वस्तू मात्र आपण हलवेपर्यंत जागची ढळत नाही.

हंगेरीत जन्मलेल्या जॉर्ज पाल यांनी नेदरलँड्समधील आइंडहोवन येथे फिलिप्ससाठी आणि पुढे हॉर्लिक्ससाठीही बाहुल्यांचे जाहिरातपट केले. त्यांच्या पद्धतीत एकच बाहुली वाकवत न बसता, प्रत्येक अवस्थेसाठी लाकडाचे वेगळे डोके किंवा पायांची वेगळी जोडी आधीच कोरून ठेवत आणि फ्रेमगणिक बदलत. सगळा विचार चित्रीकरणापूर्वीच करावा लागत असल्याने नवशिक्याला ही पद्धत फार शिकवते. प्लॅस्टिसिनचा (न वाळणाऱ्या मऊ मातीचा) चेंडू खाली पडून चपटा होतो आणि पुन्हा उसळतो, एवढ्यासाठी आठ वेगळे आकार करून पाहा. आठवड्याभरात हात बदललेला जाणवेल. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१२च्या सुमारास वाटाण्याच्या अंकुराची वाढ रोज थोडी थोडी टिपली होती आणि पुढे आगकाड्याही पडद्यावर खेळवल्या, ही आठवण मला कामाच्या लांबलेल्या रात्री बळ देते.

आता हिशेब. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ३० सेकंदांच्या जाहिरातीला ७२० फ्रेम लागतात. प्रत्येक स्थिती दोन फ्रेम ठेवली तरी ३६० वेळा वस्तूला हात लावावा लागतो. सुरुवातीला माझी दिवसाला जेमतेम ३ सेकंद होत. मोबदला सेकंदांवर न ठरवता दिवसांवर ठरवावा, हे मी दोन कामांत नुकसान सोसून शिकले.

पहिल्याच कामात साबणाची वडी चकचकीत वेष्टनातून बाहेर येते, असा शॉट होता. चार सेकंद पूर्ण करून चालवून पाहिले, तर वेष्टनावर फिकट पांढरा डाग मधूनमधून उमटत होता. दिवे स्थिर होते, एक्स्पोजर (कॅमेऱ्यात शिरणाऱ्या उजेडाचे प्रमाण) हाती ठरवलेले होते, खिडकीला काळा कपडा होता. शेवटी लक्षात आले की तो डाग माझ्या फिकट कुडत्यावरून परावर्तित होणाऱ्या उजेडाचा होता, कारण दर वेळी मी वेगळ्या जागी उभी राहून बटण दाबत होते. सगळा शॉट पुन्हा केला. तेव्हापासून मी काळे कपडे घालते आणि जमिनीवर चिकटपट्टी लावून उभे राहण्याची जागा आखून घेते.

वेष्टनाचीही अशीच काळजी घ्यावी लागते. शेकडो वेळा बोटे लागून छपाईचा रंग उडतो, कोपरे मऊ पडतात. म्हणून काम स्वीकारतानाच मी एकाच छपाईची बारा पाकिटे मागून घेते, म्हणजे शॉटच्या मधोमध पाकीट बदलावे लागले तरी रंगाची छटा जुळते.